मान पाडू नका, मानपाडाकर!

सबमिशनचे दिवस आले की आपल्या हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये आयोडेक्सचा वास सुटतो. कोणी ड्रॉइंग शीटवर ओणवा झालेला असतो, कोणी लॅपटॉप पोटावर ठेवून मान भिंतीला दुमडून प्रोजेक्ट रिपोर्ट टाईप करत असतो, आणि मेसच्या रांगेतले सगळेच्या सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून उभे असतात. सकाळी उठल्यावर मग एकच वाक्य : "यार, मान धरलीय!"

तसे आपल्या जिल्ह्यात मानपाडे दोन. एक ठाण्यात घोडबंदर रोडवर, दुसरं डोंबिवली पूर्वेला. पाडा म्हणजे वस्ती, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दोन्हीकडच्या बसस्टॉपवर खाली वाकलेली डोकी पाहिली की वाटतं, लोकांनी गावाचं नाव आज्ञा म्हणून घेतलं की काय? मान पाडा!

गंमत सोडा. मान धरणं आणि मानेतली गादी सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान धरली तर ती बहुतेक वेळा स्नायूंची कुरकुर असते, दोन-चार दिवसांत जाते. गादीचं दुखणं मात्र मानेतून खांद्यात, खांद्यातून दंडात आणि तिथून बोटांपर्यंत उतरतं. मुंग्या येतात, हात जड होतो, रात्री झोप लागत नाही. आमच्या मजल्यावरच्या एका मित्राच्या वडिलांना हे झालं. रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला लोकलने जाणारा माणूस. एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला तेव्हा घरातले सगळे हबकले. शेजाऱ्यांनी सांगितलं, "आता मान हलवायचीच नाही, पट्टा काढायचाच नाही." त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की महिनाभरात मान खरोखरच हलेनाशी झाली! नंतर फिजिओथेरपी सुरू झाली आणि दोन-अडीच महिन्यांत ते पुन्हा लोकलमध्ये उभे राहू लागले. तेव्हापासून मला प्रश्न पडला होता, की ज्या मानेत गादी फाटली आहे तिला व्यायाम देणं सुरक्षित कसं? उलट जास्त नाही का फाटणार? त्या प्रश्नाचं जे उत्तर वाचून आणि विचारून मिळालं, ते इथे मांडते आहे.

मोदकाला चीर पडते तेव्हा

माणसाच्या मानेत मणके सात. (जिराफाच्याही मानेत सातच असतात, फक्त लांब!) सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते. त्याखाली मात्र प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, तिलाच आपण गादी म्हणतो. बाहेरून चिवट तंतूंची अनेक पदरी कड आणि आत पाणीदार जेलीसारखा गाभा. उकडीचा मोदक डोळ्यासमोर आणा. पारी बाहेर, सारण आत. पारीला चीर पडली आणि वरून दाब आला की सारण त्या चिरेतून बाहेर येतं. गादीचंही तसंच होतं. म्हणजे "गादी सरकली" हा शब्द तसा चुकीचाच. गादी कुठेही सरकत नाही, ती जागच्या जागी चिकटलेली असते. तिची कड फाटते आणि आतला गाभा मागच्या बाजूला डोकावतो.

मागे काय असतं? मज्जारज्जू, आणि त्यातून डाव्या-उजव्या बाजूला निघणारी नसांची मुळं. मानेतून अशा आठ जोड्या निघतात. सगळ्यात जास्त त्रास होतो तो खालच्या भागात. सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधली गादी बाहेर आली तर सातवं मूळ चेपतं. मग मुंग्या मधल्या बोटात येतात आणि कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स कमजोर होतो. पाचव्या-सहाव्याच्या मधली गादी असेल तर अंगठ्याच्या बाजूला मुंग्या. म्हणून हुशार डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट एमआरआय बघायच्या आधी "कुठल्या बोटात?" असं विचारतात. वायर कुठे तुटली हे दिवा कुठला बंद पडला त्यावरून शोधायचं, तोच प्रकार.

अजून एक गोष्ट. नस नुसती दाबली गेल्याने इतकं दुखत नाही. बाहेर आलेल्या गाभ्यातल्या रसायनांमुळे नसेच्या मुळाला सूज येते. दाब आणि सूज असे दोघे मिळून ती आग लावतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मेकॅनिक्सचा छोटासा तास

इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये एक तरी गणित हवंच! फर्स्ट इयरचं फ्री बॉडी डायग्राम आठवा.

डोक्याचं वजन धरू ५ किलो. मान ताठ असताना डोक्याचा गुरुत्वमध्य मानेच्या तळाच्या सांध्यापेक्षा जेमतेम २ सेंटिमीटर पुढे आहे असं समजा, आणि मागचे स्नायू त्या सांध्यापासून ५ सेंटिमीटरवरून ओढतात असं समजा. मोमेंट बॅलन्स करा. ५ गुणिले २ बरोबर स्नायूंचा जोर गुणिले ५. स्नायूंना २ किलोचा जोर पुरतो. सांध्यावर एकूण भार सुमारे ७ किलो.

आता मान ४५ अंशात खाली घाला. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर पुढे गेला. ५ गुणिले १० बरोबर जोर गुणिले ५. जोर झाला १० किलो, आणि सांध्यावर जवळपास १५ किलो. डोकं तेच, वजन तेच, पण भार दुप्पट!

हे आपलं ढोबळ गणित. २०१४ साली न्यूयॉर्कचे सर्जन केनेथ हंसराज यांनी कॉम्प्युटर मॉडेलवर असाच हिशेब केला, तेव्हा ६० अंशांत वाकलेल्या मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो असं उत्तर आलं. हा आकडा जगभर गाजला. पण इंजिनिअर म्हणून सांगायला हवं की ते मॉडेल आहे, जिवंत माणसाच्या मानेत मीटर लावून घेतलेलं रीडिंग नाही. आणि भार वाढतो याचा अर्थ मोबाईल बघितला की गादी फाटलीच, असाही होत नाही. आपली हाडं-स्नायू भार सोसायलाच बनलेली आहेत. खरा प्रश्न असतो तो एकाच कोनात तासन् तास राहण्याचा, आणि भार सोसणारे स्नायू कमजोर असण्याचा.

डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांचं गणित याहून वेगळं. त्यांची मान ताठ असते, पण भार थेट वरून येतो. आपल्या घोडबंदर रोडच्या टॉवर्सवर घमेली वाहणाऱ्या बायका, भाजी मार्केटातले हमाल, डबेवाल्यांच्या डोक्यावरच्या लांब लाकडी पाट्या. "माथाडी" हा शब्दच माथ्यावरून आला आहे. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पगार, भविष्यनिर्वाह, दवाखाना यांची सोय त्यातून झाली. पण पोत्याचा भार मात्र मानेवर येतोच. तेव्हा मानेचं दुखणं हे काही फक्त लॅपटॉपवाल्यांचं नखरेल दुखणं नाही. आपल्या मेसमध्ये गॅसची टाकी खांद्यावर घेऊन जिना चढणाऱ्या काकांचंही ते असू शकतं, आणि त्यांना सुट्टी घेणं आपल्याइतकं सोपं नसतं.

घाबरवणारा रिपोर्ट

एमआरआयच्या रिपोर्टची भाषा वाचली तर चांगला धडधाकट माणूससुद्धा आडवा होईल. डीजनरेशन, बल्ज, इंडेंटेशन, कॉम्प्रेशन! पण २०१५ साली प्रसिद्ध झालेला जपानमधला एक अभ्यास बघा. मानेचा काहीही त्रास नसलेल्या १२११ निरोगी लोकांचे एमआरआय काढले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत गादीचा फुगवटा सापडला. विशीतल्या मुलामुलींपैकीही बहुतेकांमध्ये तो होता! म्हणजे या खोलीत बसून हा लेख वाचणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या मानेत तो असेल, आणि आपल्याला पत्ताही नाही.

फुगवटा म्हणजे फाटलेली गादी नव्हे, हे खरं. फुगवट्यात कड शाबूत असते, हर्निएशनमध्ये गाभा बाहेर आलेला असतो. पण मुद्दा असा की नुसत्या फोटोवरून दुखणं ठरत नाही. फोटोत दिसतंय ते, हातात जाणवतंय ते, आणि तपासणीत सापडतंय ते, तिन्ही जुळलं तरच निदान पक्कं.

गादी आत ढकलावी लागते का?

बहुतेकांची समजूत असते की व्यायामाने किंवा मान ओढून बाहेर आलेली गादी परत आत बसवतात. आणि कोणी म्हणतं, आता आत जाणं शक्य नाही म्हणजे ऑपरेशन अटळ. दोन्ही समजुती चुकीच्या.

खरं काय होतं ते मला सगळ्यात भारी वाटलं. बाहेर आलेला गाभा शरीराला परका वाटतो. आपल्या रक्तातल्या भक्षक पेशी तिथे जमा होतात आणि तो तुकडा हळूहळू खाऊन टाकतात. काही महिन्यांनी परत एमआरआय काढला तर अनेकांचा तुकडा लहान झालेला किंवा गायब झालेला दिसतो. आणि गंमत म्हणजे, जो तुकडा जास्त बाहेर आलेला असतो तोच बऱ्याचदा जास्त विरघळतो, कारण त्याच्यापर्यंत रक्त पोचतं. सूजही त्याच काळात उतरते. सगळ्यांच्या बाबतीत असंच होईल याची खात्री नाही, पण कल तसा आहे.

आकडे बघू. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावात १९७६ ते १९९० या काळात मानेची नस दाबली गेलेल्या ५६१ रुग्णांची नोंद अभ्यासली गेली. १९९४ साली तो अभ्यास छापून आला, आणि त्याचे पहिले लेखक के. राधाकृष्णन हे आपले भारतीय न्यूरॉलॉजिस्ट. सुमारे चौथा हिस्सा लोकांचं ऑपरेशन झालं. आणि शेवटच्या तपासणीच्या वेळी दर १० पैकी ९ जण एकतर पूर्ण बरे होते किंवा किरकोळ त्रास असलेले होते.

मग व्यायाम कशाला, नुसतं थांबून चालेल की? याचं उत्तर हॉलंडच्या २००९ सालच्या अभ्यासात आहे. २०५ रुग्ण, सगळ्यांचं दुखणं नुकतंच सुरू झालेलं. एका गटाला गळ्यात पट्टा आणि विश्रांती, दुसऱ्याला फिजिओथेरपी आणि घरचे व्यायाम, तिसऱ्याला नुसतं "रोजचं काम करा, वाट बघा". सहा आठवड्यांत पहिल्या दोन गटांचं दुखणं तिसऱ्यापेक्षा स्पष्ट कमी झालं. सहा महिन्यांनी तिन्ही गट जवळपास सारखे! म्हणजे पट्टा हा काही राक्षस नाही, सुरुवातीचे थोडे आठवडे तो मदत करतो. पण त्या अभ्यासातही तीन आठवड्यांनंतर पट्टा हळूहळू कमी करत सहा आठवड्यांत सोडायला लावला होता. "काढायचाच नाही" असं कुठेच नव्हतं. पट्टा जास्त दिवस राहिला की स्नायू काम विसरतात, प्लास्टर काढल्यावर हात बारीक झालेला दिसतो तसं.

आणि ऑपरेशन? २०१३ साली स्वीडनच्या अभ्यासात ६३ रुग्णांपैकी काहींना ऑपरेशन अधिक फिजिओथेरपी आणि बाकीच्यांना फक्त फिजिओथेरपी दिली. ऑपरेशनवाले पहिल्या वर्षात लवकर सुधारले, पण दोन वर्षांनी फरक बराच कमी झाला होता. अभ्यासकांनी सुचवलं की आधी व्यवस्थित आखलेली फिजिओथेरपी करून बघावी, मग ऑपरेशनचं ठरवावं.

याचा अर्थ ऑपरेशन वाईट असा मुळीच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या मानेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. त्याआधी टीव्हीवर त्यांच्या गळ्यातला पट्टा सगळ्या महाराष्ट्राने पाहिला होता. काहींना ऑपरेशन लागतंच, आणि वेळेवर लागतं. कोणाला, ते पुढे सांगते.

मग व्यायाम करतो तरी काय?

थोडक्यात, गादी शरीर बरी करतं. तोपर्यंत मान चालू ठेवणं, तिचा भार स्नायूंवर घेणं आणि घाबरलेल्या माणसाला "हलवलं तरी चालतं" हा विश्वास देणं, हे व्यायामाचं काम. पूल दुरुस्त होईपर्यंत वाहतूक बंद करत नाहीत, एक लेन चालू ठेवतात. तसंच.

इथे एका न्यूझीलंडच्या माणसाची गोष्ट सांगायला हवी. रॉबिन मॅकेन्झी हे वेलिंग्टनचे फिजिओथेरपिस्ट. १९५६ साली त्यांच्याकडे कंबर आणि पाय दुखणारा एक रुग्ण आला. त्याला टेबलवर पालथं झोपायला सांगितलं, पण टेबलचं डोक्याकडचं टोक चुकून वर उचललेलं राहिलं होतं. तो तसाच कंबर मागे वाकवून पडून राहिला. मॅकेन्झी आले तेव्हा धसकलेच, पण रुग्ण म्हणाला की पायातलं दुखणं गेलंय! यावरून त्यांनी एक नियम शोधला, जो पुढे मानेलाही लागू झाला. हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा :

दुखणं बोटांकडून मानेकडे सरकत असेल, तर दिशा बरोबर. मग मान थोडी जास्त दुखली तरी चालेल. दुखणं मानेकडून बोटांकडे उतरत असेल, तर तो व्यायाम तिथेच थांबवा.

सिग्नलसारखं समजा. हातातलं दुखणं वर सरकलं : हिरवा. व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं पण थोड्या वेळात पूर्ववत झालं : पिवळा, जपून चालू. मुंग्या खाली उतरल्या किंवा नंतर तासन् तास दुखत राहिलं : लाल.

पायरी पायरीने

खालचं सगळं समजून घेण्यासाठी आहे. हाताला मुंग्या किंवा कमजोरी असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी, आणि पहिल्यांदा व्यायाम फिजिओथेरपिस्टसमोर. एकच व्यायाम सगळ्यांना चालत नाही.

पहिली पायरी, आग शांत करण्याची. साधारण पहिला आठवडा-दोन आठवडे. पूर्ण बेडरेस्ट नको, रोज सपाट रस्त्यावर चालायचं. डॉक्टरांनी दिलेली औषधं घ्यायची. मान दुखणार नाही इतकीच डावीकडे-उजवीकडे हळूच वळवायची, दिवसातून चार-पाच वेळा. अनेकांना दुखऱ्या बाजूचा हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, कारण नसेवरचा ताण कमी होतो. झोपताना उशी एवढीच उंच, की मान ना वर चढेल ना खाली पडेल. हॉस्टेलची उशी फार पातळ असेल तर टॉवेलची घडी खाली घाला.

दुसरी पायरी, आतल्या स्नायूंना जागं करण्याची. मानेच्या पुढच्या बाजूला, मणक्यांना अगदी चिकटून बारीक स्नायू असतात. मान दुखली की हे झोपी जातात आणि बाहेरचे मोठे स्नायू सगळं काम अंगावर घेऊन दमतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्वेंडोलेन जल यांनी हे स्नायू मोजायची एक छान युक्ती काढली. रुग्णाला उताणं झोपवायचं, मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवायची, तिच्यात २० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब भरायचा. मग डोकं न उचलता "हो" म्हटल्यासारखी हनुवटी हळूच खाली. दाब २२, २४ असा दोन-दोनने वाढवत ३० पर्यंत न्यायचा आणि प्रत्येक पायरीवर टिकवायचा. आपल्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबमध्ये शोभेल असा प्रयोग! घरी पिशवी नसली तरी मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तीच हालचाल करता येते. १० सेकंद टिकवायचं, १० वेळा. गळ्याचे बाहेरचे स्नायू दोरीसारखे ताठले तर जोर जास्त झाला असं समजायचं. हा व्यायाम दिसायला इतका फालतू आहे की लोक हसतात. करून बघा, पाचव्या वेळेला थरथर सुटते.

याच पायरीवर बसून हनुवटी सरळ मागे घेणं, ड्रॉवर आत ढकलल्यासारखी. मान वर किंवा खाली करायची नाही, फक्त मागे. आणि खांद्याची दोन्ही पाती मागे-खाली ओढून पाच सेकंद धरणं. मान ही पाठीवर उभी आहे. पाठ पोक काढून बसली तर मानेला पुढे जावंच लागतं, म्हणून पाठीचे व्यायामही मानेचेच समजा.

तिसरी पायरी, न हलता जोर. तळहात कपाळावर ठेवायचा, हाताने मागे ढकलायचं, मानेने पुढे, पण डोकं हलू द्यायचं नाही. जोर पूर्ण ताकदीच्या पाव हिश्श्याइतकाच. मग डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, मागून. प्रत्येक वेळी पाच ते दहा सेकंद. स्टॅटिक लोडिंगच म्हणा ना! नसेला तिच्या वाटेत हळूच पुढेमागे सरकवण्याचे व्यायामही साधारण या टप्प्यात देतात. ते मात्र शिकल्याशिवाय करू नका, नस जोरात ताणली तर ती चिडते.

चौथी पायरी, खरी ताकद. रबरी पट्ट्याने रोइंग, भिंतीवरचे पुश-अप्स, पालथं झोपून छाती हलकेच उचलणं, नंतर हलके डंबेल्स. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं. ज्यांना गोण्या किंवा टाक्या उचलायच्या आहेत त्यांनी इथे शेवटी प्रत्यक्ष वजन उचलण्याचा सराव करायला हवा, नाहीतर कामावर पहिल्याच दिवशी पुन्हा तेच.

किती दिवस? सहा ते बारा आठवडे धरून चाला. दुखणं आधी जातं, मुंग्या आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी. नस फार हळू सुधारते. बोट अजून बधिर आहे म्हणून व्यायाम फुकट गेला असं समजू नका. आणि दुखणं गेल्यावर तिसरी-चौथी पायरी सोडू नका. सेमिस्टर संपलं की पुस्तकं विकून टाकायची सवय इथे चालणार नाही.

हे मात्र नको

न्हाव्याकडे दाढी-कटिंगनंतर फुकटात मिळणारी कडकट्ट! चंपी बिनधास्त करून घ्या, पण मान झटक्याने मोडू देऊ नका. मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या जातात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. क्वचितच घडतं, पण घडलं तर लकवा.

शीर्षासन, सर्वांगासन, हलासन या काळात बंद. योगासनं वाईट नाहीत. कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढून योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, तो आपल्याच महाराष्ट्रात. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोऱ्या, पट्टे, खुर्च्या वापरून दुखणाऱ्या शरीरालाही आसनं शिकवली. पण योग्य शिक्षकही फाटलेल्या गादीवर सगळ्या शरीराचा भार देणार नाही. तालमीतला डोक्यावरचा ब्रिजही त्यातलाच. जिममध्ये डोक्यावरून वजन ढकलणं आणि खांद्याने जड वजन उचकणं काही महिने राहू द्या. मान जोरात गोल-गोल फिरवणंही नको. आणि व्हिडिओ बघून दाराला दोरी बांधून स्वतःची मान स्वतः ओढण्याचे प्रयोग तर अजिबात नकोत. ट्रॅक्शन काहींना उपयोगी पडतं, पण किती किलो आणि किती अंशात, ते जाणकाराने ठरवायचं.

लाल दिवा : इथे व्यायाम नाही, आधी डॉक्टर

गादी मागे सरळ मज्जारज्जूवर दाबली तर मामला बदलतो. तेव्हा दुखणं कमीही असू शकतं, म्हणून फसायला होतं. शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, अक्षर अचानक बिघडलं, हातातून वस्तू पडू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, पाय कडक वाटू लागले, लघवी-संडासवरचा ताबा कमी झाला, तर वाट बघायची नाही. यापैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल, पडल्या-आपटल्यानंतर किंवा बाईकच्या अपघातानंतर मान दुखत असेल, सोबत ताप किंवा कारण नसताना वजन घटत असेल, तरीही तेच. ऑपरेशन खरोखर लागतं ते मुख्यतः अशा लोकांना, आणि ज्यांना सहा-बारा आठवडे नीट उपचार करूनही हातातलं दुखणं सोडत नाही त्यांना.

डाव्या हातात दुखणं, सोबत छातीत दडपण आणि घाम असेल तर मानेचा विचार नंतर. आधी हृदयाची तपासणी.

जायचं कुठे?

आपण नशीबवान आहोत. भारतातली पहिली फिजिओथेरपीची शाळा मुंबईतच, परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओमुळे शेकडो मुलांचे हातपाय लुळे पडत होते, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने ती उभी राहिली. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ ची. सायन आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांतही फिजिओथेरपीचं शिक्षण आणि उपचार दोन्ही चालतात. खासगी क्लिनिकची फी परवडत नसेल तर ही दारं उघडी आहेत. ठाणे किंवा डोंबिवलीहून स्लो लोकल पकडली की सायन थेट लागतं, केईएमसाठी परळला उतरायचं, हाजी अलीसाठी दादरला बदलून महालक्ष्मी. सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग मोठी असते. गेल्यावर "कुठल्या बोटात मुंग्या, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं" हे चार मुद्दे कागदावर लिहून न्या. तपासणाऱ्याचा वेळ वाचतो आणि आपलं काही सांगायचं राहत नाही.

आणि अजून ज्यांची मान ठणठणीत आहे त्यांच्यासाठी : लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवा, स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणा, वेगळा कीबोर्ड लावा. (न वाचलेली रेफरन्स बुक्स शेवटी कामाला येतील.) मोबाईल डोळ्यांपर्यंत उचला, डोळे मोबाईलपर्यंत नका नेऊ. अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, हनुवटी पाच वेळा मागे घ्या. आणि मेसचे काका किंवा वॉचमन मामा "हाताला मुंग्या येतात रे" असं सहज बोलून गेले तर "म्हातारपण आलं" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. कुठल्या बोटात येतात ते विचारा, आणि शनिवारच्या सुट्टीला त्यांच्याबरोबर सायनच्या रांगेत उभे राहा.